मुळांवरची बुरशी आणि हवेतून पडणारे खत



अलास्कातल्या केनाई द्वीपकल्पावर खताचा एक कारखाना होता. त्यातला अमोनिया हवेत जायचा आणि आसपासच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलावर उतरायचा. संशोधक एरिक लिलेस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याजवळच्या आणि लांबच्या स्प्रूसची मुळे खणून तपासली. लांबच्या जागी मुळांवर बुरशीचे ३० हून अधिक प्रकार सापडले, तर कारखान्याजवळ फक्त ९. झाड तेच, थंडीही तीच. मोठा फरक होता तो मातीत मुरलेल्या नायट्रोजनचा.

ही बुरशी मुळाला कुजवत नाही. स्प्रूस, पाइन, ओक, आपल्याकडचा साल, यांच्या कोवळ्या मुळाचे टोक भिंगाखाली धरा. टोक बोथट दिसते, त्यावर केसमुळे नसतात. पांढरे, पिवळे, कधी काळेभोर आवरण असते. त्या आवरणातून निघालेले बारीक तंतू मातीत दूरवर पसरतात. झाड बुरशीला साखर देते आणि बुरशी झाडाला पाणी, स्फुरद, नायट्रोजन आणून देते. आपल्या सागाची बुरशी वेगळ्या जातकुळीची, ती मुळाच्या आत शिरून राहते. कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा म्हणून जे पाकीट मिळते, त्यात बहुधा हीच असते.

थंड प्रदेशात पालापाचोळा सावकाश कुजतो आणि नायट्रोजन त्यातच अडकून पडतो. कॉर्टिनेरियससारख्या बुरशी तीव्र विकरे सोडून तो मोकळा करतात. हे काम कष्टाचे, त्यासाठी झाडाची भरपूर साखर लागते. आयता नायट्रोजन वरून पडू लागला की झाड मुळांकडे जाणारी साखर आखडते आणि ही कसबी मंडळी आधी नाहीशी होतात. आयत्या नायट्रोजनवर निभावणाऱ्या थोड्या जाती तेवढ्या उरतात. झाडे मात्र हिरवीगार दिसतात, म्हणून हा ऱ्हास कुणाच्या लक्षातही येत नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते.

आणि यासाठी नायट्रोजन तरी किती लागतो? युरोपातल्या २० देशांमधल्या १३७ जंगलांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला हेक्टरी सहा किलोच्या आसपास नायट्रोजन पडू लागला, की मुळांवरच्या बुरशींची घडी बदलू लागते, असे त्यात दिसले. शेतकरी बंधूंच्या हिशेबात सांगायचे, तर एकरी जेमतेम पाच किलो युरिया! उसाला आपण देतो त्यापुढे हे काहीच नाही. पण शेत आणि जंगल यांना एकच माप लावता येत नाही. जंगलाच्या मातीत नायट्रोजनची टंचाई होती, म्हणूनच तिथे इतक्या तऱ्हेच्या बुरशी नांदल्या.

नेदरलँड्समध्ये पाइनच्या काही बनांत साचलेला पाला आणि त्याखालचा कुजका थर खरवडून काढला, तेव्हा बुरशीचे प्रकार पुन्हा वाढले. पण असे खरवडणे लहान तुकड्यापुरतेच जमते. सबंध जंगलासाठी गोठ्यांतून, कारखान्यांतून आणि गाड्यांच्या धुरातून हवेत जाणारा नायट्रोजनच कमी करायला हवा.