डोंगरातील बारी
(ग्रंथालयाच्या शताब्दी कार्यक्रमात दिलेले भाषण)



शताब्दी साजऱ्या करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून वक्त्याने ग्रंथांची थोरवी गावी, असा संकेत आहे. आज मी मात्र एका प्रवासाविषयी बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझ्या जुन्या मोटारसायकलवरून मी सुरतेहून बागलाणात गेलो. बरोबर महाविद्यालयातील एक सहकारी होते. ते रसायनशास्त्राचे अध्यापक, मातृभाषा गुजराती. सामानात दोन वळकट्या, पाण्याचा कॅन, हत्यारांची पिशवी, एक जादा ट्यूब आणि मराठ्यांच्या इतिहासाचे एक पुस्तक होते.

या पुस्तकातील एक वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे वाचलेले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतले आणि वणी-दिंडोरीजवळ त्यांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेचा पराभव केला. सुरतेवरील स्वारी ३ ऑक्टोबरची आणि ही लढाई १७ ऑक्टोबरची. चौदा दिवसांचा हा काळ वाचक एका दमात ओलांडतो. त्या चौदा दिवसांत काय काय सामावले असेल, याची थोडीशी कल्पना मला या प्रवासातील अडचणींनी दिली.

बारडोली-व्याऱ्यापर्यंत रस्ता सपाट आणि उसाच्या मळ्यांतून जाणारा. पुढे डांगचे सागवान सुरू होते. मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. जंगल दाट, पण सावली नाही. आहव्याच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब बदलेपर्यंत कॅनमधील पाणी संपले. रस्त्यालगतची नदी म्हणजे तापलेल्या दगडांची रांग होती. जवळच्या पाड्यावरील एका गृहस्थाने कळशीभर पाणी आणून दिले, तेव्हा कोठे आम्ही पुढे निघालो. हाच मुलूख पावसाळ्यानंतर हिरवागार असतो, ओढे वाहते असतात, जनावरांना चारा मिळतो. दसऱ्यानंतर मोहिमेला निघावयाचे, हा जुना रिवाज आपण धर्मकृत्य म्हणून जाणतो. त्यामागील पाणी आणि गवत यांचा हिशेब त्या कळशीने मला शिकविला.

चिंचलीकडून बागलाणात चढणाऱ्या घाटात दुसरी अडचण आली. दोन माणसे आणि सामान घेऊन इंजिन तापू लागले. प्रत्येक वळणानंतर थांबणे भाग पडे. अखेरीस सहकाऱ्यांनी उतरून पायी चालावे आणि मी रिकामी गाडी वर न्यावी, अशी तडजोड झाली. वर पोचल्यावर ते धापा टाकीत म्हणाले, “दोन वळकट्यांनी ही अवस्था, तर सोन्यारुप्याने लादलेल्या घोड्यांची आणि बैलांची काय झाली असेल?” मोगल फौज पाठीशी असताना ओझ्याची जनावरे सुखरूप घाटापार नेणे हा एक स्वतंत्र पराक्रम होता. म्हणूनच दिंडोरीची लढाई केवळ रणांगणावरची राहत नाही. मोगलांना अडवून धरणे आणि तेवढ्या अवकाशात ओझे पुढे काढणे, अशी ती दुहेरी कामगिरी होती.

याच ठिकाणी आमच्यात जरा नाजूक संवाद झाला. सहकारी शांतपणे म्हणाले, “तुमच्या पुस्तकात हा विजयी फौजेचा परतीचा मार्ग आहे. आमच्या गावाच्या दृष्टीने मात्र गावाचे धन याच वाटेने गेले.” मी मराठी शिकवितो आणि सुरतेत राहतो. हा प्रश्न टाळून येथे राहता येत नाही. मी त्यांना शाहिस्तेखानाने पुणे प्रांताची केलेली नासाडी सांगितली, स्वराज्याच्या रित्या खजिन्याविषयी सांगितले. त्यांनी जानेवारी १६६४ मधील आगी, वीरजी व्होरांची लुटलेली पेढी आणि रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार इनायतखान यांची आठवण दिली. आम्हा दोघांचेही बोलणे खरे होते. बादशहाच्या खजिन्यावर घातलेला घाव व्यापाऱ्याच्या ओसरीवर पडला, हे मान्य केल्याने महाराजांची थोरवी उणावत नाही. आणि स्वराज्याची निकड मान्य केल्याने सुरतेचे दुःख खोटे ठरत नाही.

मुल्हेरच्या परिसरात क्लचची वायर तुटली. क्लचवाचून गाडी चालविता येते, पण ती ढकलून सुरू करावी लागते आणि मध्ये थांबता येत नाही. तशीच ती आम्ही ताहाराबादपर्यंत नेली. तेथे रस्त्याकडेला एका तरुण मेकॅनिकचे दुकान होते. आमच्या गाडीची वायर त्याच्याजवळ नव्हती. दुसऱ्या गाडीची वायर कापून, टोकाला खिळ बसवून त्याने काम भागविले. आम्ही सुरतेचे हे कळताच तो अहिराणीत म्हणाला, “मना भाऊ तठेच शे.” त्याचा भाऊ लिंबायतला राहून यंत्रमागावर काम करीत होता. माझ्या सहकाऱ्यांना हे वाक्य भाषांतरावाचून कळले. मराठीतील ‘आहे’ त्यांना परका होता, परंतु अहिराणीचा ‘शे’ त्यांच्या ‘छे’च्या शेजारीच नांदत होता.

त्याच दुकानात पुढील रस्त्याची चौकशी करताना ‘बारी’ हा शब्द वारंवार कानी आला. कांचनबारी, भावडबारी, राहुडबारी. या भागात बारी म्हणजे खिंड. सहकारी हसू लागले. गुजरातीत बारी म्हणजे खिडकी! “म्हणजे तुमच्या डोंगरांना खिडक्या आहेत,” असे ते म्हणाले. शब्दांच्या व्युत्पत्तीच्या खोलात मी येथे शिरत नाही. परंतु या डोंगरांतून केवळ फौजा गेल्या नाहीत. सुरत बंदराचा माल दक्षिणेत जाण्याची एक वाट बागलाणातूनच होती. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने वाटेतील नवापूरच्या सुगंधी तांदळाचे कौतुक लिहून ठेवले आहे. मुल्हेरच्या बागूल राजांवरील ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे रुद्रकवीचे १५९६ मधील संस्कृत काव्य बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. बागलाणच्या राजांची कीर्ती गुजरातेतील एका मराठी संस्थानाने छापून जतन केली. लढाया काही दिवसांच्या असतात; अशा वाटांवरील दळणवळण शतकानुशतके चालते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही साल्हेर चढलो. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७१ मध्ये तो स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगलांना हरविले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेरचाही समावेश आहे. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. तेथून पश्चिमेला डांगची राने दिसतात आणि पूर्वेला बागलाणची शेते. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला, त्यापूर्वी त्याच्यावरून दोन्ही बाजूंनी केवढा वाद झाला होता! वरून पाहताना राज्याची सीमा कोठे आहे, हे काही ओळखता आले नाही.

परतताना कळवणवरून नांदुरीस आलो, तो वळवाच्या पावसाने गाठले. सप्तशृंगीच्या पायथ्याशी एका टपरीत तासभर अडकलो. शेजारच्या बाकांवर गडावरून उतरलेले गुजराती आणि खानदेशी भाविक एकाच देवीचा प्रसाद एकमेकांना देत होते. पुढे वणीवरून सापुतारा उतरून आम्ही सुरतेस पोचलो.

मित्रहो, ताहाराबादच्या त्या तरुणाचा भाऊ आपल्या शहरात राहतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकत आली आहेत. जुन्या सुरतेतील मराठी घरांनी आपले ग्रंथालय उभे केले आणि जपले, याबद्दल आपण कृतज्ञ आहोतच. परंतु त्या घरांतील पुढची पिढी मराठी वाचीनाशी झाली आहे, हे आपल्या नोंदवह्या पाहिल्या तरी कळेल. यापुढील वाचक यंत्रमागाच्या वस्तीतून यावयाचा आहे. तो घरी अहिराणी बोलतो, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती. त्याच्यासाठी तेथे पुस्तकांची एखादी पेटी नेऊन ठेवावी, एवढी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

दुसरी विनंती इतिहासाच्या कपाटाविषयी. महाराजांच्या चरित्राशेजारी सुरतेचा गुजराती इतिहासही असू द्यावा. माझे सहकारी त्या प्रवासानंतर मराठी वाचावयास शिकले आहेत. लिपी जवळची, शब्द ओळखीचे. त्यांना फार आयास पडले नाहीत. ते आपल्या ग्रंथालयात येतील, तेव्हा त्यांच्या गावाचे दुःखही त्यांना आपल्या कपाटात सापडले पाहिजे.