ओल आधी, फरशी नंतर

पूर ओसरला, गाळ उपसला, फरशी धुऊन पुसली की घर कोरडे दिसू लागते. कोरडी असते ती फक्त लादीची वरची बाजू. तळमजल्याच्या घरात लादीखाली सिमेंट-वाळूचा माल असतो, त्याखाली तीन-चार इंचांचे काँक्रीट, मग दगडांचे सोलिंग आणि सर्वांत खाली जोत्यातला मुरमाचा भराव. जुन्या घरांत काँक्रीट नसतेच. शहाबादी लाद्या थेट भरावावर मालात बसवलेल्या असतात. सांध्यांतून उतरलेले पाणी या थरांत मुरते आणि ओसरताना बारीक माती ओढून नेते. भराव बसतो, लादी अधांतरी राहते आणि पुढे कधी कपाटाचा पाय टेकला की तडकते.

किती लाद्या निकामी झाल्या हे आवाजावरून कळते. रुपयाच्या नाण्याने किंवा छिन्नीच्या दांड्याने एकेक लादी ठोकत जावे. खाली माल धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर पोकळ. पोकळ लादीवर खडूने फुली मारत खोली पूर्ण केली की नुकसानीचा नकाशाच समोर येतो. फुल्या एका कोपऱ्यात असतील तर तेवढाच भाग उचलावा. त्या खोलीभर विखुरल्या असतील तर ठिगळे लावण्यात पैसे घालवू नयेत. सगळी फरशी काढलेली बरी.

पूर आलाच नसेल आणि तरी ओल असेल, तर पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय एकही लादी हलवू नये. घरातले सगळे नळ बंद करून, टाकी भरत नाही याची खात्री करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे. काटा फिरत असेल तर मीटरपुढच्या पाइपातून गळती आहे. नहाणीघराचा संशय असेल तर जाळी बोळ्याने घट्ट बुजवून दोन इंच पाणी चोवीस तास साठवावे आणि पातळी उतरते का, शेजारच्या किंवा खालच्या भिंतीवर डाग उमटतो का, ते पाहावे. बहुतेकदा दोष जाळीखालच्या ट्रॅपभोवतीच्या सांध्यात सापडतो. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी येत असेल तर जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते आहे. तेव्हा जोत्यावरचा ओलप्रतिबंधक थर आणि घराभोवतीच्या पाण्याचा निचरा तपासावा लागतो. नवी फरशी हा त्यावर उपाय नव्हे.

खरी कसोटी वाळवण्याची. फरशी काढल्यावर उघड्या काँक्रीटवर प्लास्टिकचा मोठा चौकोन पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी आतून थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडले तर थांबावे. ढोबळ हिशेब असा की चांगल्या हवेत काँक्रीटच्या इंचभर जाडीला वाळायला महिना लागतो. कोकणातल्या पावसात त्याहून अधिक. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा-पंचगंगेचा महापूर होता आणि २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. चिपळूणला २०२१ साली २२ जुलैला पाणी शिरले आणि १० सप्टेंबरला गणपती बसले. गणपती नव्या फरशीवर बसावा ही इच्छा घरोघरी असते आणि ती मनापासूनची असते. पण इतक्या दिवसांत घराची ओल जात नाही. त्या वर्षी उघड्या कोब्यावर चटई अंथरून पाट मांडावा आणि फरशीचे काम दिवाळीनंतर काढावे, हेच घराच्या हिताचे.

उचलताना शहाबादी आणि कोटा लाद्या छिन्नीने कडेकडेने सोडवल्या तर पुष्कळशा शाबूत निघतात आणि पुन्हा वापरता येतात. पूर येणाऱ्या वस्तीत तोच दगड पुन्हा बसवावा. पाण्यात फुगणारे लॅमिनेट तिथे नकोच. बसलेला चिखलट भराव काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकावा, पाणी मारून धुम्मस करावे. भरावात काळी माती मुळीच येऊ देऊ नये. ती ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उचलून धरते. सोलिंगवर जाड प्लास्टिक कागद अंथरून काँक्रीट करावे आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. ते वाळल्यावर वरचीच चाचणी पुन्हा घ्यावी.

व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून साधे सिमेंटचे पाणी तिला नीट धरत नाही. तिथे टाइलचा चिकटा लागतो आणि तो दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरावा लागतो. घाईतला गवंडी मधोमध आणि चार कोपऱ्यांत गोळे लावून टाइल दाबतो. पहिल्याच दिवशी पोकळी तयार होते. टाइलांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत थोडी फट ठेवावी. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. नहाणीघरात जाळीकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा. तो बादलीभर पाणी ओतून गवंडी समोर असतानाच पाहावा.

पाइप बुजवण्यापूर्वी भिंतीपासूनचे अंतर दिसेल असा टेप धरून त्यांचे फोटो काढावेत. टाइलांची एक पेटी जास्तीची घ्यावी, कारण पुढच्या खेपेच्या मालाची छटा जुळत नाही.