देहाची हाक

आपण वाळूजकर भाग्याचे. भीमेकाठी जाणं जमलं नाही, तर आषाढीला शेजारच्या छोट्या पंढरपुरात पायी जातो.

मी निसर्गोपचार करतो. कंपनीत तिसऱ्या पाळीला जाणारा एक भाऊ आला. म्हणाला, "महाराज, एकादशी निर्जळी करू का?" मी म्हणालो, "करा की! लंघनासारखं औषध नाही." त्याला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, हे मी विचारलंच नाही. त्यानं सकाळी गोळी घेतली, उपाशीपोटी वाट धरली. घाम फुटला, हातपाय थरथरले, तरी चालतच राहिला. शेवटी अंधारी आली, खाली बसला. एका माउलीनं साखरपाणी पाजलं, म्हणून निभावलं. चूक माझी होती.

गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माती, पाणी, ऊन, साधं अन्न. पण रोगी न ओळखता दिलेला चांगला उपायही घात करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता पहिला प्रश्न तोच विचारतो, गोळ्या कोणत्या? उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. देह हाक देतो, ती ऐकणं हीसुद्धा सावधानताच. थरथर आली तर साखर घ्या, व्रत मोडत नाही. विठोबाला तुमची भूक नको, तुम्ही हवेत.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!