चार नंबरचा शर्ट



परवा गटाची बैठक संपल्यावर एकीने मला अडवलं. म्हणाली, "काकी, तुम्ही सहा महिने अमेरिकेला राहून आलात, रेडिओवर एकदा तिकडचं सांगा की." मी म्हटलं, सांगते. पण तिकडचे रस्ते केवढे आणि दुकानं केवढी हे तुम्ही आता मोबाईलवर पाहताच. मी आज सांगणार आहे तिकडच्या एका खेळाचं, आणि त्या खेळापायी रडलेल्या माझ्या नातवाचं.

२०१५ सालची गोष्ट. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी न्यू जर्सीला गेले होते. मोठा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. आई बाळात गुंतलेली, बाप कामावर, मग पोरगं माझ्या वाट्याला आलं. त्याचं मराठी तोडकंमोडकं, माझं इंग्रजी त्याहून वाईट. दुपारी मी डिंक भाजायची, अळीव भिजवायची. संध्याकाळ झाली की तो माझा हात धरून टीव्हीपुढे बसवायचा. तिथे रोज बेसबॉल.

रोज म्हणजे अगदी रोज. वर्षात एकेका संघाचे १६२ सामने असतात, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडे क्रिकेटचा सामना म्हणजे सणासारखा येतो आणि जातो. हा खेळ घरच्या संध्याकाळच्या चहासारखा. एका बाजूचे नऊ जण मैदानात उभे राहतात. एक जण चेंडू फेकतो, तो टप्पा न पडता थेट येतो. समोरचा गोल दांडक्याने तो मारतो आणि चार कोपऱ्यांना वळसा घालून परत घरी पळतो. सुरुवात जिथून केली त्या जागेला ते 'होम', म्हणजे घरच म्हणतात. मला हे फार आवडलं. एवढं कळल्यावर पुढचं कळायला वेळ लागला नाही.

आमचा संघ न्यूयॉर्क मेट्स. 'आमचा' म्हणायला मला पंधरा दिवस लागले, नातू जन्मापासून म्हणत होता. त्याच्याकडे एक निळा शर्ट होता, पाठीवर नाव फ्लोरेस आणि आकडा चार. विल्मर फ्लोरेस हा त्याचा लाडका. संघातला सगळ्यात मोठा खेळाडू हा नव्हेच. कधी हातातला चेंडू सुटायचा, कधी पळायला उशीर व्हायचा. पण पोरगा मन लावून खेळायचा. व्हेनेझुएला देशातला. सोळा वर्षांचा झाला त्या दिवशी या संघाने त्याच्याशी करार केला. इंग्रजी येत नव्हतं, तर म्हणे टीव्हीवरची एक विनोदी मालिका बघून बघून शिकला. हे ऐकल्यावर तो माझाही लाडका झाला. मीही तशीच शिकत होते ना!

आता 'ट्रेड' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथे एका संघाचा मालक दुसऱ्याला म्हणतो, तुझा अमका मला दे, माझे हे दोघे तू घे. कागद होतात. बहुतेक वेळा खेळाडूला कुणी विचारत नाही. त्याला फोन येतो. रात्री सामान भरायचं, सकाळी दुसऱ्या गावी हजर व्हायचं. बायको, मुलांची शाळा, भाड्याचं घर, हे सगळं मागून. आणि याला मुदत असते, तेव्हा ती जुलैच्या अखेरची होती. म्हणून जुलै सरत आला की लहानमोठ्या सगळ्यांच्या जिवाला घोर. जावई रोज रात्री मोबाईल बघायचे आणि नातू त्यांच्या तोंडाकडे.

२९ जुलैची रात्र. सामना चालू होता. जावयांचा मोबाईल वाजला आणि ते गप्प झाले. बातमी अशी, की फ्लोरेस आणि दुसरा एक चेंडू फेकणारा, झॅक व्हीलर, या दोघांना मिलवॉकीच्या संघाला देऊन कार्लोस गोमेझ नावाचा खेळाडू आणणार. बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर गेली, मैदानातल्या प्रेक्षकांच्याही. फ्लोरेस मात्र अजून मैदानातच. तो दांडकं घेऊन आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्याला कळेना, या टाळ्या कशासाठी. मग कुणीतरी सांगितलं. पुढच्या डावात तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. कॅमेरा त्याच्या तोंडावर. सगळ्या देशाने पाहिलं.

मी पटकन म्हणून गेले, "अगं बाई, रडतोय की हा!" वळून बघते तर माझ्या शेजारीही तेच चाललेलं.

इथे माझी चूक झाली. मी नातवाला म्हटलं, "रडतोस काय वेड्या, खेळच आहे तो. दुसरा येईल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ते आजही आठवतं. म्हणाला, "आजी, दुसरा नको. हा आपला आहे." आणि उठून आत गेला.

रात्री मला झोप लागेना. मला आमच्या दावणीचा खिल्लार आठवला. मी नवी लग्न होऊन आले तेव्हाचा. दोन वर्षं मी त्याला वैरण घातली, बेंदराला शिंगं रंगवली. दुष्काळाच्या साली सासऱ्यांनी म्हसवडच्या बाजारात नेऊन विकला. निघताना मी त्याला कुंकू लावलं, पोळी चारली. सगळे म्हणाले, रडतेस काय, बैलच आहे तो, दुसरा आणू. मीच तेव्हा मोरीत जाऊन तोंड धुऊन आले होते. आणि चाळीस वर्षांनी तेच वाक्य मी पोराला ऐकवलं.

बरं, दुसऱ्या दिवशी काय ऐकावं! व्यवहार फिसकटला. रात्रीच संघाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, हा ट्रेड होणार नाही. फ्लोरेस जिथल्या तिथे. आणि त्यानंतरच्या दिवशी, ३१ जुलैला, वॉशिंग्टनच्या संघाबरोबर सामना झाला. नऊ डावांत निकाल लागला नाही, म्हणून खेळ पुढे चालला. बाराव्या डावात फ्लोरेस आला आणि त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. सामना तिथेच जिंकला. धावत घरच्या कोपऱ्याकडे येताना त्याने छातीवरचं संघाचं नाव मुठीत धरून ओढून दाखवलं. नातू सोफ्यावर उड्या मारत होता, बाळ दचकून उठलं, लेक आमच्यावर ओरडली. मीही उड्या मारल्या असत्या, पण गुडघे.

गोष्ट इथेच संपली असती तर सिनेमा झाला असता. पण मला पुढचं जास्त सांगायचंय.

त्याच ३१ जुलैला मेट्सने दुसरा व्यवहार केला. डेट्रॉइटकडून योएनिस सेस्पेडेस हा मोठा फटकेबाज आणला. आठवड्याभरात नातू त्याचं नाव घेऊन नाचायला लागला. त्या वर्षी संघ पार अंतिम फेरीला गेला. हरला, पण गेला. आणि या सेस्पेडेसच्या बदल्यात दिले कोण, तर चेंडू फेकणारी दोन तरुण पोरं. त्यातल्या मायकेल फुलमरला पुढच्याच वर्षी त्याच्या गटातला सर्वोत्तम नवोदित म्हणून मान मिळाला. त्याच्यासाठी मात्र आमच्या घरात कुणी रडलं नव्हतं. मेट्सच्या मोठ्या संघातून तो अजून खेळलाच नव्हता. टीव्हीवर दिसला नव्हता, म्हणून आपला झाला नव्हता. मी जावयांना विचारलं, "त्याच्या आईला कसं वाटलं असेल हो?" जावई हसले. मी काही हसण्यासारखं विचारलं नव्हतं.

लेकीच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. लहानपणापासून याच संघाच्या. त्यांनी मला टॉम सीव्हरचं सांगितलं, लेक मध्ये बसून मराठीत करून देत होती. मेट्स म्हणजे आधी हसण्यावारी नेलेला संघ. सीव्हर आला आणि १९६९ साली त्यांनी जगज्जेतेपद मिळवलं. लोक त्यालाच संघ म्हणायचे. पुढे पैशावरून आणि मानापमानावरून वरच्या लोकांशी बिनसलं आणि १५ जून १९७७ च्या रात्री त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं, बदल्यात चार जण घेतले. निरोपाचं बोलताना, प्रेक्षकांचा विषय निघाला तसा त्याला हुंदका आवरेना. या बाई म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरातला रेडिओ लावला नाही." सहा वर्षांनी तो परत आला, आणि एका वर्षात संघाने त्याला पुन्हा घालवला. या वेळी तर निष्काळजीपणाने. राखून ठेवायच्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नावच घातलं नाही, शिकागोच्या एका संघाने उचलला. १९८५ साली त्याने आपला तीनशेवा विजय मिळवला तोही न्यूयॉर्क शहरातच, पण अंगात शिकागोचा शर्ट. बाई म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवताना रागही येत होता." आता मेट्सच्या मैदानाबाहेर सीव्हरचा पुतळा उभा आहे. तो गेल्यावर दोन वर्षांनी बसवला.

आपल्याकडेही आता हे लोण आलंच आहे. २०२३ च्या अखेरीस हार्दिक पंड्याला गुजरातकडून मुंबईने परत आणला आणि रोहित शर्माच्या जागी कप्तान केला. वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी मुंबईच्याच कप्तानाची हुर्यो केली. तीन महिन्यांत त्याने विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकलं, आणि त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. राग खरा होता आणि जयघोषही खराच. पंड्याने कुठे उभं राहायचं, एवढंच राहिलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कर्ट फ्लडचं. सेंट लुईस संघात बारा वर्षं खेळलेला, काळा माणूस. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळलं, तुला फिलाडेल्फियाला दिलंय. तोवर बहुतेक सगळे मुकाट जात होते. हा म्हणाला, जात नाही. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. सार असं, की इतकी वर्षं खेळल्यावर मी काही विकायची-घ्यायची वस्तू नाही, माझ्या मनाविरुद्ध मला कुणी देऊ शकत नाही. चांगला मिळता पगार सोडला, एक पूर्ण वर्ष घरी बसला, कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याचा खेळही संपला होता. पण वाट झाली. दुसऱ्याच वर्षी नियम आला, की दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला नाही म्हणू शकतो. पुढे १९७५ च्या अखेरीस करार संपल्यावर आपला संघ आपण निवडायची मोकळीकही खेळाडूंना मिळाली. ती मिळवून देणारे दुसरे होते, फ्लडला तिचा उपयोग झाला नाही.

हे लेकीने मला वाचून दाखवलं, बाळाला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "म्हणजे त्याला कुणी विचारलंच नव्हतं." ती पटकन म्हणाली, "आई, तुला तरी कुणी विचारलं होतं?"

मी सतरा वर्षांची होते. ओसरीवर बैठक झाली, सुपारी फुटली, आणि चुलतीने आत येऊन मला सांगितलं, "तुझं जमलं." पाठवणीला सगळं गाव रडलं. प्रेमच होतं ते, खोटं नव्हतं. पण रडणाऱ्यांतल्या एकानेही आधी विचारलं नव्हतं. मी लेकीला म्हटलं, "तुला विचारलं होतं ना?" ती म्हणाली, "हो. तूच विचारलंस. बाबा रागावले होते." हे मी विसरूनच गेले होते, बघा.

फ्लोरेसचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. आणखी तीन वर्षं तो मेट्सकडे राहिला. २०१८ च्या शेवटी संघाने त्याचा करार पुढे चालवला नाही. ना टाळ्या, ना कॅमेरा. तो ॲरिझोनाला गेला, तिथून सॅन फ्रान्सिस्कोला.

नातू आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "तो चार नंबरचा शर्ट आहे का रे अजून?" त्याने मोबाईल फिरवून दाखवला. भिंतीवर खिळ्याला टांगलाय. बाह्या अंगाला कधीच्या आखूड झाल्यात. मी म्हटलं, "धाकटीला दे की, तिला बसेल." तो म्हणाला, "दिला होता, आजी. ती म्हणते, हा कोण, मला माहीत नाही. मला माझ्या आवडीचा पाहिजे."