डुकराची पिले आणि कोंडा

मंडळी, गाईम्हशींवर पुष्कळ व्याख्याने होतात. डुकरे पाळणाऱ्याशी कोणी बोलत नाही. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला.

सहा-आठ आठवड्यांनी पिलाचे दूध तोडतात. पण आतडे दुधालाच सरावलेले असते. जड खाणे पचत नाही. हगवण लागते, अंगातले पाणी जाते, अन् पिलू दगावते.

म्हणून आईजवळ असतानाच, तिसऱ्या आठवड्यापासून, थोडे थोडे खाणे चाटवावे. दहा मुठी ज्वारीच्या भरड्यात एक मूठ गव्हाचा कोंडा घालावा. कोंड्यातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो. त्यावर उपकारक जंतू पोसतात. कोंडा स्वस्त पडतो म्हणून जास्त घालाल, तर पोट भरेल, अंग भरणार नाही.

आपल्या यवतमाळकडे कापूस अन् सोयाबीन घरचेच. पण सरकीची ढेप पिलांना देऊ नका. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विष असते. सोयाबीनही कच्चे नको, भाजून भरडा. स्वच्छ पाणी हरघडी समोर असू द्या.