आरसा म्हातारा होत नाही

परसातल्या नाहीतर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गोणपाटाखाली आजोबांची दुर्बीण पडून असते. नळीत कोळ्याची जाळी, आरशावर धूळ, कडेला पांढरट डाग. मग घरात वाद होतो: हिला दुरुस्त करायचं की भंगारात देऊन नवी आणायची?

घाई करू नका. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढे, उघडा. ॲल्युमिनियमचा तो थर मिलिमीटरच्या साधारण दहाहजाराव्या भागाइतका पातळ. पावसाळ्याच्या दमटपणानं खराब होतो तो हा थर. खालच्या काचेचा घाट तसाच राहतो. जुना मुलामा उतरवून नवा चढवता येतो.

धूळ थोडी असेल तर आरसा धुवूच नका. अगदीच मळला असेल तर नळी आणि आरशाच्या कडेवर पेन्सिलीनं खूण करून तो बाहेर काढा. हातातली अंगठी, बांगड्या आधी उतरवा. नळाच्या हलक्या धारेखाली माती वाहून जाऊ द्या. मग टबात टॉवेल अंथरून कोमट पाण्यात दोन थेंब साधा द्रवसाबण घाला आणि आरसा थोडा वेळ बुडवून ठेवा. कापसाचा बोळा दाब न देता एकदाच ओढा आणि टाकून द्या; पुढच्या वेळी नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा सुकवा. धोतराच्या फडक्यानं पुसलात, तर आपल्याकडच्या काळ्या मातीचे कण मुलामा खरवडतील.

आता आरशामागे टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढी चार-दोन छिद्रं दिसली तर चालतील. थर जागोजागी उडाला असेल तर मुलामा नवा करा. काचेची परीक्षा ताऱ्यावर होते. ठळक तारा किंचित अस्पष्ट करा. फोकसच्या एका बाजूला चकती उभी लांबट आणि दुसऱ्या बाजूला आडवी दिसली, तर आधी आरशाच्या पकडी सैल करून पाहा. बरेचदा दोष तिथेच निघतो.

मग बदलायचं काय? डुगडुगणारी तिवई. अमेरिकेच्या जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेली प्लायवूडची साधी बैठक आपला सुतारही करून देईल. डोळा लावायचं भिंग, म्हणजे नेत्रिका, बुरसटली असेल तर तीही बदला. जुन्या दुर्बिणीबरोबर नेत्रिकेला लावायची गडद काच आली असेल, तिच्यावर ‘सन’ लिहिलं असेल, तर ती फोडून टाका. सूर्याच्या उष्णतेनं ती तडकली तर डोळा गेला. आणि काचच तडकली असेल किंवा भिंग खेळण्यातलं असेल, तर खुशाल नवी दुर्बीण घ्या. सहाऐवजी आठ इंची आरसा घेतलात तर पावणेदोनपट प्रकाश मिळेल.

जुन्या यंत्राला दुसरा जन्म मिळतो, हे पुण्यानं दाखवलंय. कावसजी दादाभाई नाएगामवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. 1912 मध्ये ती बंद झाली, पण तिथली 20 इंची दुर्बीण मोडीत निघाली नाही. ती कोडाईकनालला गेली आणि भावनगर दुर्बीण या नावानं ओळखली जाऊ लागली.

दुरुस्तीनंतरची कसोटी आपल्या जिल्ह्यातलीच सांगतो. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. ते चंद्रावर असतं, तर इथून पावणेसहा किलोमीटरवर ठेवलेल्या दहाच्या नाण्याएवढं दिसलं असतं. सहा इंची आरशाच्या कुवतीच्या अगदी काठावर. चंद्रावरच्या प्लेटो विवराच्या सपाट तळावर लोणारपेक्षा थोडी मोठी, दोन-तीन किलोमीटरची काही चिमुकली विवरं आहेत. शुक्ल दशमी-एकादशीला दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवा. मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाळ्यात थोडा जास्त वेळ. तापलेल्या आरशातून चित्र थरथरतं. मग प्लेटोच्या तळावर नजर रोखा. पहिल्या रात्री काही दिसलं नाही तर दोष हवेला द्या, आरशाला नको. पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. त्यातलं एक जरी दिसलं, तरी आजोबांची काच अजून कामाची आहे असं समजा.