हाडातली कल्हई



माझ्या हातात दोन तुकडे आहेत. मागे बसलेल्यांनी पडद्यावर बघा. दोन्ही टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, दोन्ही एकाच मापाचे. हा गुळगुळीत, राखाडी. आणि हा पांढरा, खडूसारखा. यावरून बोट फिरवलं तर काचपेपरवरून फिरवल्यासारखं वाटतं. या पांढऱ्या थराची जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी आहे. माझी सतरा वर्षांची नोकरी या केसाएवढ्या जाडीत गेली आहे.

मी मटेरियल्स इंजिनिअर आहे, राहते बडोद्याला. खुब्याच्या इम्प्लांटवर कोटिंग चढवणं हे माझं काम. नात्यातलं कुणी विचारलं, ‘तू नक्की करतेस काय?’ तर मी सांगते, ‘कल्हई करते.’ जुन्या पिढीला ते लगेच कळतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. म्हणून मध्ये कथलाचा एक पातळ थर द्यायचा. भांड्याची ताकद पितळेची, पदार्थाशी गाठ कथलाची. इम्प्लांटचंही तसंच आहे. शरीराचं वजन पेलायचं टायटॅनियमनं आणि हाडाशी बोलायचं वरच्या थरानं.

फरक एकच, पण फार मोठा. भांड्याची कल्हई गेली तर पुन्हा कल्हईवाल्याला हाक मारता येते. मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची कल्हई गेली, तर कुणाला हाक मारायची? म्हणून आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. ‘इम्प्लांटवर कोटिंग आहे का?’ हा प्रश्न अर्धा आहे. ‘कोटिंग संपल्यावर खाली काय उरतं?’ हा उरलेला अर्धा. बाजारात पहिल्या अर्ध्याचीच जाहिरात होते.

आधी टायटॅनियमबद्दल. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडाच्या मज्जेतला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळकांडी बसवली होती. प्रयोग संपला, नळकांडी काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला थेट चिकटून वाढलं होतं. एरवी शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचं वेष्टन गुंडाळतं, तिला वेगळं पाडतं. इथे तसं वेष्टनच नव्हतं. याचं श्रेय टायटॅनियमवर हवेत आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या थराला जातं. तो थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो, पण खालच्या धातूला शरीरातल्या खारट द्रवापासून झाकून ठेवतो. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात लावले. ते त्या रुग्णाला चाळीसहून अधिक वर्षं पुरले.

मग तुम्ही म्हणाल, टायटॅनियम इतकं गुणी आहे तर कल्हई कशाला?

वेळेसाठी. टायटॅनियम हाडाला त्रास देत नाही, पण बोलावतही नाही. हाड आपल्या गतीनं येतं. जबड्यात तेवढं थांबता येतं. ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत स्क्रू बसवल्यावर तीन ते सहा महिने त्यावर भार येऊ देत नसत. खुबा बदललेल्या सत्तर वर्षांच्या बाईंना मात्र आपण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतो. प्रत्येक पावलाला इम्प्लांट हाडाच्या आत किंचित हलतं. ही हालचाल साधारण दीडशे मायक्रॉनच्या, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीच्या, वर गेली की तिथे हाड धरत नाही, तंतूंचा मऊ थर धरतो. तो एकदा धरला की इम्प्लांट कधी पक्कं होत नाही. बाईंची मांडी चालताना दुखत राहते. शेवटी पुन्हा ऑपरेशन, आणि तेही आधीपेक्षा कमी उरलेल्या हाडावर. म्हणजे पहिले काही आठवडे ही एक शर्यत असते. कोटिंग ती शर्यत हाडाच्या बाजूनं झुकवतं.

हाडाला बोलावणारा पदार्थ असू शकतो, ही कल्पना आली एका बसप्रवासात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच सैन्याच्या एका परिषदेला निघाले होते. शेजारी बसले होते व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल. जखमी सैनिकांमध्ये बसवलेले धातू आणि प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही, हातपाय कापावे लागतात, असं सांगून त्यांनी विचारलं: शरीरात टिकेल असं काही तुम्ही बनवू शकाल का? हेंच काच आणि सिरॅमिकवाले. त्यांनी काच निवडली. वजनानं ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड, तेवढंच कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. १९६९ मध्ये शल्यविशारद टेड ग्रीनली यांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी काढायला गेले, तर पुन्हा तेच. निघेना!

दोन्ही वेळा निघेना, पण कारण वेगळं. ही काच शरीरात गेली की तिचा पृष्ठभाग विरघळायला लागतो. सोडियम बाहेर पडतो, वर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो आणि त्यावर कॅल्शियम फॉस्फेट साठतं. हाडातलं खनिज त्याच जातीचं. पेशींना तो पृष्ठभाग ओळखीचा वाटतो. जो पदार्थ शरीराशी अशी देवाणघेवाण करतो, त्याला आम्ही बायोअॅक्टिव्ह म्हणतो.

पण काच ती काच. मांडीच्या हाडाचा भार तिच्यावर कसा टाकणार? म्हणून धातूवर तिचा थर द्यायचा विचार आला, आणि तिथे साधं भौतिकशास्त्र आडवं आलं. हेंच यांची काच तापल्यावर टायटॅनियमच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. गरम असताना थर चढवला आणि गार होऊ दिला, की काच जास्त आकसते आणि तडकते. म्हणून खुब्याच्या बाबतीत बाजी मारली दुसऱ्या एका पदार्थानं. त्याचं नाव हायड्रॉक्सीअॅपेटाइट. तो कॅल्शियम आणि फॉस्फेटचाच बनलेला आहे. आपल्या हाडाच्या वजनात साधारण दोनतृतीयांश खनिज असतं आणि ते याच्याच घराण्यातलं. १९८५ मध्ये लंडनमध्ये रोनाल्ड फरलाँग या शल्यविशारदांनी या पदार्थाचं कोटिंग दिलेला खुबा पहिल्यांदा बसवला.

आता माझ्या कामाच्या जागी चला. पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे आठवतात? आमचं काम तिथून सुरू होतं. गुळगुळीत धातूवर काही धरत नाही, म्हणून आधी कठीण कणांचा जोरदार मारा करून तो खडबडीत करायचा. मग प्लाझ्मा. आर्गॉन वायूतून विजेची ठिणगी काढली की ज्वाळेचं तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं. त्या ज्वाळेत हायड्रॉक्सीअॅपेटाइटची पूड सोडायची. प्रत्येक कण काही मिलिसेकंदच ज्वाळेत असतो. तेवढ्यात तो वितळतो, धातूवर आपटतो, धिरड्यासारखा पसरतो आणि थिजतो. अशी लाखो धिरडी एकमेकांवर बसून हा पांढरा थर होतो, साधारण पन्नास ते दीडशे मायक्रॉनचा.

सगळी मेख त्या मिलिसेकंदांत आहे. कण कमी तापला तर चिकटत नाही. जास्त तापला तर त्याची रचना मोडते, दुसरीच कॅल्शियम संयुगं होतात, काही भाग काचेसारखा अस्ताव्यस्त राहतो. तो शरीरात फार लवकर विरघळतो. थर पातळ झाला तर हाड येण्याआधीच संपतो. फार जाड झाला तर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून प्रत्येक खेपेबरोबर चाचणीचे तुकडे फवारायचे, क्ष-किरणांनी रचना तपासायची, आणि कोटिंगला दुसरा ठोकळा गोंदानं चिकटवून यंत्रात ओढायचं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार थरानं किमान १५ मेगापास्कल ताण सोसला पाहिजे. म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे दीडशे किलो वजन टांगल्यासारखं. बघणाऱ्याला चांगलं कोटिंग आणि वाईट कोटिंग सारखंच पांढरं दिसतं.

आणि आता तो उरलेला अर्धा प्रश्न. इतकं करून बसवलेला हा थर कायमचा नसतो, नसावाच. हाड त्याच्यापर्यंत येतं, वर्षानुवर्षं त्याला थोडं थोडं खातं, त्याची जागा घेतं. शेवटी हाडाची गाठ पडते खालच्या टायटॅनियमशी. कोटिंग हा मध्यस्थ आहे. लग्न जमलं की मध्यस्थाचं काम संपलं.

पण खालचं टायटॅनियम हाडाला धरायला जागाच देत नसेल तर? सुरुवातीच्या काळात काही खुब्यांच्या वाट्या, म्हणजे कप, गुळगुळीत धातूवर थेट हा पांढरा थर देऊन बनवले गेले. पहिली काही वर्षं एक्स-रे उत्तम. मग थर गेला, हाडाला पकड उरली नाही, आणि वाट्या सैल झाल्या. उलट फ्रान्समध्ये १९८६ मध्ये आलेला कोराइल नावाचा स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात जाणारा दांडा, त्याला वरपासून खालपर्यंत हेच कोटिंग. पण खालच्या धातूवर खाचा आणि पायऱ्या कोरलेल्या. त्याची दीर्घकाळची कामगिरी अनेक देशांच्या नोंदींमध्ये उत्तम राहिली आहे. पूड एकाच जातीची, नशीब वेगळं.

हे आपल्याला कळलं कसं? प्रयोगशाळेतून नाही. स्वीडननं १९७९ मध्ये खुब्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कुणाला कोणतं इम्प्लांट बसलं, कधी बदलावं लागलं. त्या नोंदवहीवरून २०१० मध्ये दिसलं की हायड्रॉक्सीअॅपेटाइट लावलेल्या कपांना पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोका कमी नव्हे, जास्त होता. मी ते वाचलं तेव्हा मला, पोट ज्यावर चालतं त्या माणसाला, वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधार वाटला. कारण खरं काय ते सांगणारं कुणीतरी होतं.

पुढे काय चाललं आहे, तेही थोडक्यात सांगते. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या तादाशी कोकुबो यांनी १९९६ मध्ये वेगळी वाट दाखवली. थर चढवायचाच नाही. टायटॅनियम कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात ६० अंशांवर दिवसभर ठेवायचं, मग ६०० अंशांवर भाजायचं. त्याच्या पृष्ठभागाचंच रसायन बदलतं आणि शरीरातल्या द्रवातून खनिज आपोआप त्यावर जमतं. २००७ पासून तिथे खुब्यांसाठी ही पद्धत वापरात आहे. सुटून येईल असा जाड थरच नाही. दुसरी वाट जंतूंची. हाडाला आवडणारा खडबडीत पृष्ठभाग जंतूंनाही आवडतो, म्हणून चांदी किंवा प्रतिजैविक असलेली कोटिंग निघाली आहेत. तिथे प्रश्न मात्रेचा आहे. जंतू मरावेत, हाडाच्या पेशी मरू नयेत.

आता तुमच्या कामाचं. ‘सोनेरी गुडघा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्यात सोनं नसतं. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. तो कठीण थर आहे, धातूचे कण शरीरात कमी जावेत म्हणून. हाडाला बोलावणं हे त्याचं कामच नाही. साध्या गुडघ्यापेक्षा तो जास्त वर्षं टिकतो, असंही अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक गुडघे बोन सिमेंटनं बसवतात. हाड आणि इम्प्लांट यांच्यामध्ये सिमेंट असेल तर हाडाला बोलावणाऱ्या कोटिंगचा उपयोग काय? म्हणून जास्त पैसे भरण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा: हे सिमेंटनं बसणार की सिमेंटशिवाय? कोटिंग कशाचं आणि कशासाठी? या मॉडेलच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी आहेत का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागवत नाहीत.

आणि शेवटची गोष्ट. आपण मराठी माणसं आता कुठे कुठे आहोत बघा. मुलगा बंगळूरला, ऑपरेशन तिथे, आईबाबा परत बेळगावला किंवा इंदूरला. माझ्या मामींचं असंच झालं. खुबा एका राज्यात बदलला, अकरा वर्षांनी तक्रार सुरू झाली दुसऱ्या राज्यात. तोवर ते रुग्णालय बंद पडलं होतं. घरच्या कागदावर इम्प्लांटबद्दल दोनच शब्द होते: टायटॅनियम, कोटेड. आतला दांडा घट्ट होता, फक्त झिजलेला भाग बदलायचा होता. पण त्यावर कोणत्या मापाचा गोळा बसतो, हे सांगणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे संच मागवून, सगळं काढावं लागलं तर काय, अशी तयारी ठेवून उतरावं लागलं. मामी वाचल्या. पण पंच्याहत्तराव्या वर्षी हा धोका एका चिठ्ठीच्या अभावी पत्करावा लागला.

ती चिठ्ठी असते! प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल क्रमांक, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. एक रुग्णालयाच्या फाइलला लागतो. दुसरा तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. त्याचा फोटो काढा, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. इम्प्लांटमुळे काही बिघडलं असं वाटलं तर डॉक्टरांकरवी त्याची नोंद करायला लावा. २०१५ पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे.

आमचा थर काही वर्षांत संपणार आहे, आणि तो संपावा म्हणूनच आम्ही बनवतो. त्यानंतर तुमच्या हाडात काय आहे, हे सांगणारा तो स्टिकरच उरतो. आज घरी गेल्यावर आईबाबांची फाइल उघडा आणि तो आहे का बघा. नसेल आणि रुग्णालय चालू असेल, तर उद्याच फोन करा.